हात वर

हलच्या नगरपालिकेनं दोघांचा मिळून एकच पुतळा करायचं ठरवलंय,
हेसल रोडच्या कोपऱ्यावर, पूर्वी जिथं मासळीचे खोके धुवायचे तिथं.
शिल्पकार म्हणजे एक पोरगी आहे, लीड्सची.
काल घरी आली, वही काढली,
म्हणाली, चेहरे फोटोत सापडतात,
मला त्यांचे हात सांगा.

सतरा वर्षं मी रिंगच्या कोपऱ्यात उभा होतो.
फुटलेल्या भुवया बंद करणं हा माझा धंदा.
एक मिनिट मिळायचं,
त्यातली वीस सेकंदं नुसती घाम पुसण्यात.
आधी ब्लेंकिनच्या कोपऱ्यात,
मग त्यानं पैसे थकवले म्हणून ओग्डनच्या.
दोघांचे हात मी बांधलेत,
दोघांची नखंसुद्धा मला पाठ आहेत.

रेग ब्लेंकिनचा डावा.
सातव्या फेरीत ओग्डनच्या बरगडीत असा शिरला
की शेवटच्या रांगेतल्या बायकांनी
आपापली पोटं धरली.
पंचांनी त्याचा हात वर केला.
छप्पर उडायचं बाकी राहिलं होतं.
त्याच रात्री अडीच वाजता
आयरिस माझ्या मागच्या दारात,
अंगात त्याचा कोट, पायात घरातल्या सपाता,
उजवी भुवई फाटलेली.
डाव्या हाताचं काम, मी ओळखतो.
तीच बाटली काढली, तोच कापूस.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही,
फक्त म्हणाली, तुमचा हात हलका आहे.
सकाळी रेगनं पाच पौंड माझ्या खिशात कोंबले
आणि हात वर केले.
पायरीवर घसरली म्हणे.

सिरिल ओग्डननं बाईवर कधी हात उगारला नाही.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण एवढं ऐकलं की लोक त्याला देव्हाऱ्यात बसवतात.
ज्या हिवाळ्यात 'मार्गरेट हेलियर' समुद्रातून परतलीच नाही,
एकोणीस घरांतल्या चुली थंड पडल्या,
तेव्हा त्यानं फुकट झुंज जाहीर केली.
स्वतः टोपी फिरवली, ओठ सुजलेला असताना.
म्हाताऱ्यांनी तंबाखूचे पैसे टाकले.
चारशे बारा पौंड. मीच मोजले.
विधवांपर्यंत पोचले एकशे तीस.
बाकीचे कुत्र्यांच्या शर्यतीत गेले,
चौथ्या पिंजऱ्यातल्या एका आखूडपायी कुत्रीवर.
हिशेब विचारला तर यानंही हात वर.
वही पावसात भिजली म्हणे.

दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे.
पोस्टरवरचं वैर खोटं असतं बहुतेक,
यांचं खरं होतं, आणि सोयीचंही.
रेगला चढली की तो ओरडायचा,
मी निदान मेलेल्यांच्या ताटातलं खात नाही.
सिरिल म्हणायचा, आणि मी निदान...
मग थांबायचा,
कारण आयरिस शेजारी बसलेली असायची.
तेवढीच त्याची सभ्यता.
एकाच्या पापावर दुसऱ्याचं पुण्य उभं होतं,
एक खांब काढला असता तर दोघंही कोसळले असते.

रेगला पुरलं त्या दिवशी
सिरिल पोरासारखा रडला.
शवपेटीवर डोकं ठेवून म्हणाला,
आता मी मारू कुणाला?
आणि फाटकापाशी आयरिसकडून
बसभाड्याला दोन पौंड हातउसने घेतले.
ते अजून यायचेत.

पोरगी भराभरा लिहीत होती.
मग पेन खाली ठेवून म्हणाली,
मुठी मिटलेल्या ठेवू, की उघड्या?

मी म्हटलं, आयरिसला विचार.
चौऱ्याऐंशीची आहे, गुरुवारी पेन्शन काढायला जाते.
लांबूनही ओळखशील.
उजव्या भुवईत एका जागी केस उगवत नाहीत,
माझा टाका वाकडा पडला होता तिथं.

ती बघत राहिली माझ्याकडे.
जाताना म्हणाली, तुमच्याही हातांचं एक रेखाटन करते,
अंदाजासाठी.
मी खिशातून हात काढले नाहीत.
थंडी आहे, म्हणालो.
मे महिना चालू आहे.