घट

विट्याहून मिरजेला, तासगाव मार्गे दोन तास.
खिडकीची जागा बायकोला दिली,
मला पाय लांब करायला कडेची हवी होती.

आधी गुडघा दुखायचा.
गुडघ्याचेच फोटो काढले, गुडघ्यालाच तेल चोळलं.
लेंगऱ्याचा हाडवैद्य म्हणाला, शीर चढलीय,
आणि कोंबडा घेऊन गेला.
दुखणं तिथं नव्हतंच.
ते वर खुब्यात बसून खाली निरोप धाडत होतं.

मगदूमबाईंनी पाठीवर झोपवून
पाय जरासा आत वळवला.
माझ्या तोंडून कुंभकोणमचा एक शब्द निघाला.

मग ते ढोलासारखं मशीन.
अंगठी काढा, पोरगा म्हणाला. साबण लावून निघाली.
बावीस वर्षं लोकांच्या अंगठ्या वितळवल्या,
माझी कुणी पहिल्यांदाच मागितली.

फोटोत गोळा अजून गोल होता.
आत एक काळी रेघ.
तिच्या पलीकडं रक्त पोचत नाही. हाड मरतंय.
दोन्हीकडं. डावीकडं जास्त.

दारू? नाही.
पडला होता? नाही.
गोळ्या?
तेजाबाच्या धुरानं दम लागायचा.
पेठेतला कंपाउंडर पुडी बांधून द्यायचा,
बारक्या, पांढऱ्या. रात्रीपर्यंत छाती मोकळी.
किती वर्षं?
बायकोनं उत्तर दिलं.

मुशीतलं सोनं मी काट्यावर ठेवायचो तेव्हा
गिऱ्हाईक काट्याकडं नाही, माझ्याकडं बघायचं:
एवढी घट कशी?
खोट जळाली, मी म्हणायचो, सोनं होतं तेवढंच आहे.
आज मी बाईंकडं तसंच बघितलं.
त्यांनी नजर ओळखली असावी. पेन खाली ठेवलं.

ठरलं ते असं: डाव्या हाडाला भोक पाडायचं.
आतला दाब उतरला तर रक्त वाट काढेल.
उतरला तर.
गोळा खचलाच, तर धातूचा बसवू.
कुठला धातू, मी विचारलं.
बाई पहिल्यांदा हसल्या. सोनं नाही, म्हणाल्या.

सहा महिने कुबड्या.
मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.
भट्टी जमिनीवर असते
हे सांगायचं राहूनच गेलं.

तासगाव मागं पडल्यावर बायकोनं
पदराची गाठ सोडून अंगठी काढली.
सुजल्या बोटावर ती पेरापाशीच अडली.
राहू दे तुझ्याकडं, म्हटलं.
वजन पाठ आहे तिचं.