गंजायच्या आत

भाट्याच्या पुळणीवर चुंबक फिरवला
की काळी वाळू सुरवंटाच्या केसांसारखी उभी राहते.
ते रत्नागिरीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे.
मी करते ते याहून बारीक, एवढंच.

कॉलेजच्या मागच्या खोलीत
लोहक्षाराचं हिरवट पाणी,
त्यात थेंब थेंब दुसरं पाणी,
आणि चंबूत भर दुपारी अंधारून येतं.
बुडबुडे फुटतात.
तळाशी लोखंड, इतकं लहान
की केसाच्या जाडीत आठ हजार कण
खांद्याला खांदा लावून बसतील.

मग शर्यत वाऱ्याशी.
इथला वारा खारा, आणि लोखंडाचा जुना वैरी.
गेटाचे कडीकोयंडे खाल्ले, पत्रे खाल्ले,
आमची मोजपट्टीसुद्धा सातव्या सेंटीमीटरपर्यंत खाल्ली.
पायाखालचा जांभा तरी काय,
लाखो वर्षं निवांत चढलेला गंजच.
अशा मुलखात मी शुद्ध लोखंड करते
आणि त्याला म्हणते, थांब.

पहिली कुपी रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला पाठवली.
तिसऱ्या दिवशी लाटकरांचा फोन:
मॅडम, तुम्ही लोखंड पाठवलंत की मेंदी?
आंबा घाटात कुठेतरी बूच सैल झालं होतं.

मिरकरवाड्याच्या जेटीवर नझीर होडेकर
ट्रॉलरच्या पोटाला रेझिन लावत होता.
दोरीला बांधलेला त्याचा चुंबक शेजारी पडलेला,
पाण्यात पडलेले नट-बोल्ट काढायचा, मुठीएवढा.
मी म्हटलं, मला चमचाभर रेझिन हवंय.
तो म्हणाला, होडी केवढी?
मी बोटांची चिमूट दाखवली.
तो हसला नाही. हार्डनर मोजून घातला,
म्हणाला, भराभर ढवळा, मग ऐकणार नाही ते.

तर आता प्रत्येक कण जागच्या जागी जखडलेला.
अंग हलवता येत नाही,
पण आतली दिशा मोकळी.
मोठ्या लोखंडात वाड्या असतात,
वरची वाडी, खालची वाडी, तोंडं चार दिशांना;
चुंबक आला की कुरकुरत एक होतात,
तो गेला तरी थोडी एकी मागे राहते.
हा कण म्हणजे एकच घर. घरात एकच मत.
आणि ते मत साध्या उन्हाळ्याच्या उबेनं
क्षणात लाखो वेळा उलटंसुलटं होतं.

पुण्यात लाटकर त्याला दोन ध्रुवांमध्ये टांगतात,
थरथरवतात, बाजूची वेटोळी कान देऊन बसतात.
मग थंडी. उणे दोनशे त्रेसष्ट.
एकदा एकट्याला गोठवायचं,
एकदा चुंबकाच्या सोबतीनं,
आणि दोन्ही वेळा हळूहळू ऊब देत
विचारायचं, कुठे तोंड आहे तुझं?
थंडीत दोन उत्तरं वेगळी येतात.
एका ठरावीक उबेला दोन्ही रेघा भेटतात,
आणि त्यापुढे, खाडीच्या मुखाशी
गोडं कुठलं, खारं कुठलं सांगता येऊ नये,
तशा एकच होऊन जातात.

आलेख मोबाईलवर आला तेव्हा मी जेटीवरच होते.
मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता.
नझीरला दाखवला: ही रेघ शून्यातून जाते,
जाताना, येताना, त्याच वाटेनं.
चुंबक काढला की काही उरत नाही.

म्हणजे फुकट गेलं, तो म्हणाला.
नाही, मी म्हटलं, हेच हवं होतं.
ओढलं की यायचं, सोडलं की सुटायचं,
एकमेकांना चिकटून गोळा व्हायचं नाही.
त्यानं काय होतं?
औषध वाहील कदाचित. गढूळ पाण्यातलं विष काढेल.
कदाचित नुसतं कळेल.

त्यानं आपला चुंबक उचलला,
त्याला बिलगलेला लोखंडी कीस अंगठ्यानं खरवडला.
अर्धा निघाला. अर्धा तसाच.
हा मेला सोडतच नाही, म्हणाला,
आणि दोरी पुन्हा पाण्यात सोडली.
बावीस नंबरचा पाना गेलाय, कालपासून.