डबा

सिनेमात मी नऊ वर्षांची, भलतीच हुशार.
स्वतः बनवलेलं चुंबकाचं यंत्र पिशवीत घालून
एकटीच निघालेली दिल्लीला, बक्षीस आणायला.

शूटिंग कोल्हापूर स्टेशनच्या सायडिंगला.
रूळ तिथंच संपतात. पुढं बफर, मग एरंडाची झुडपं.
डबा भंगारातला,
जाग्यावरनं हलायचा नाही.

हलायची ती झाडं.
केरबा आणि हैदर मुजावर
बाभळीच्या फांद्या खांद्यावर घेऊन
खिडकीबाहेरनं पळायचे,
डब्याला वळसा घालून पुन्हा पहिल्यापासनं.
एकदा केरबाच्या चपलेचा अंगठा तुटला
आणि माझ्या खिडकीतनं एक झाड लंगडत गेलं.
दिग्दर्शक म्हणाले, ऱ्हाऊ दे तसंच,
लोकास्नी वाटंल घाट लागला.

बावीस गुणिले सदतीस?
आठशे चौदा, मी फाडकन सांगते, टी.सी. गार.
आकडा कॅमेऱ्याच्या पेटीवर खडूनं लिहिलेला.
शाळेत त्या साली गणितात मी
दोन मार्कांनी लटकले होते.

थेटरात आई हुंदके देऊन रडली,
पोरगी एकटी चालली म्हणून.
मी तिच्याच मांडीला मांडी लावून
शेंगा फोडत होते.
टरफलं तिच्या पदरात.

परवा खरीच निघाले. एकटी. एकसष्टाव्या वर्षी.
त्याच स्टेशनातनं, गुडघ्याला पट्टा बांधून.
हिसका बसला. डबा चक्क हलला.
वळिवडे गेलं. बाभळी पळायला लागल्या,
एकामागनं एक, न थकता.

रुकडी येईपर्यंत
मी काचेला नाक लावून
त्यांच्या पायांकडं बघत होते.