खांब

बावीस वर्षं बँकेच्या दाराशी
हललो नाही. त्याचाच पगार मिळतो.

आणि इथं, काशोएराच्या नदीकाठी,
तंबाखूच्या जुन्या गोदामात,
मेस्त्रा जुरेमा पहिलंच वाक्य बोलली :
"उभं राहायचं नाही."

जिंगा. एक पाय मागे, मग दुसरा,
हात तोंडासमोर, जसा कुणी
दिवा वाऱ्यापासून जपावा.
हात आठवले की पाय विसरतात.

पँट उसनी, नाडी माझी.
शिकवायला तायनारा : वय नऊ, पुढचे दोन दात पडलेले.
"लाथ अडवायची नसते, एव्हेराल्दोकाका,
तिला वाट द्यायची."
आणि लाथ येते, इतकी सावकाश
की तिच्या तळव्याला चिकटलेली वाळू दिसते.

तरी पडलो.

कुणी हसलं नाही असं नाही. सगळे हसले,
टाळीचा ठेका न चुकवता,
आणि गोल तसाच उघडा राहिला,
मला परत आत शिरता येईल एवढा.

बेरिंबाऊची तार जुन्या टायरमधून काढलेली,
भोपळा म्हाताऱ्या ओर्लान्दिनोच्या पोटाशी.
दुसरं काही सांगतच नाही तो :
हळू. अजून हळू.

जाताना इथलं नाव मिळालं.
खांब.
मी नाही म्हणालो नाही.

सोमवारी सकाळी, बँकेच्या दाराशी,
उजवा पाय आपसूक मागे सरकला.
चेक वटवायला आलेली एक बाई थबकली,
पर्स छातीशी धरली,
माझ्याकडे नीट पाहिलं,
आणि मला वाट दिली.