दोनशे अकरा खुर्च्या

खारीगावात, पारसिकच्या टेकडीखाली
बाबांचं मंडपाचं दुकान.
पत्र्याच्या शेडमध्ये लाल खुर्च्यांचे एकवीस मनोरे,
दहा-दहाचे,
आणि वर एक निळी.
विटाव्याच्या कुठल्याशा हळदीतून
चुकून टेंपोत चढून आलेली.
मागायला कोणी आलं नाही.
बाबांनी वहीत दोनशे दहा खोडून
दोनशे अकरा केले.

त्या रविवारी सोसायटीची सभा.
सेक्रेटरी अणावकर म्हणाले,
"हसुराम, सगळ्या मांड. पण रांगा सारख्या हव्यात.
शेवटची रांग बोडकी दिसली
तर पैसे कापीन."

बाबांनी दोन-दोनच्या मांडल्या. एक उरली.
तीन-तीनच्या. एक उरली.
चारचं मी म्हटलं राहू द्या,
जिथे दोनाचं चाललं नाही तिथे चाराचं काय चालणार?
पाच. एक.
सात-सातच्या तीस रांगा, पार जिन्याला टेकल्या.
एक.
दर वेळी हातात तीच, निळी,
जत्रेत चुकलेल्या पोरासारखी.

मी सातवीत. विटेच्या तुकड्याने फरशीवर लिहीत बसले.
अकरा एकोणीस दोनशे नऊ. उरल्या दोन.
"चला, हिला जोडीदारीण गावली," बाबा हसले.
तेरा सोळा दोनशे आठ. उरल्या तीन.
बाबा घाम पुसून म्हणाले, "आता सतराच्या."

थांबा, मी म्हटलं.
सतरा सतरा दोनशे एकोणनव्वद,
एवढ्या खुर्च्या आपल्याकडे आहेतच कुठे?
एका रांगेत सतरा बसवल्या
तर रांगा सतरापेक्षा कमी होतील,
आणि तेवढ्या आपण आडव्या मांडून बघितल्यात.
हॉलच्या दुसऱ्या दाराने आत या,
तीच मांडणी दिसेल.

बाबा खरंच दुसऱ्या दारापर्यंत गेले.
तिथून बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
"म्हणजे बाय, ही कोनालाच भागत नाय?"

एकाला भागते. आणि स्वतःला.
एकच रांग लावायची,
हॉलमधून बाहेर, पिठाच्या गिरणीवरून,
रिक्षा स्टँडला वळसा घालून खाडीकडे.
नाहीतर एकामागे एक,
शेवटच्याला फक्त माइकची खरखर.

भागत नाय.
हा शब्द आमच्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर यायचा,
आईच्या तोंडून, डब्याचं झाकण लावताना.
त्या दिवशी पहिल्यांदा तो
कोणाचीही चूक नसताना उच्चारला गेला.

अणावकर आले, बोटाने मोजू लागले.
"साहेब, ह्यो आकडा मूळ हाय,"
बाबांनी नवा शब्द जपून वापरला.
"मूळ?
मग मूळ मालकाला देऊन टाक की एक,"
अणावकर म्हणाले, सहज,
आणि बाबांचे कान निळीकडे न बघताच लाल झाले.

शेवटी निळी बाहेर काढली.
पंधरा-पंधराच्या चौदा रांगा, आखीव.
दोनशे दहा किती सोशिक!
दोन म्हणा, तीन, पाच, सहा, सात, दहा,
कोणी मागितलं की वाटून घ्यायला तयार.
मला तिचा थोडा रागच आला.
सभेत पाण्याच्या बिलावरून भांडण चालू असताना
बाबा मीटरच्या खोलीपाशी निळीवर बसून
कटिंग पीत होते.

आता मी ऐरोलीच्या शाळेत गणित शिकवते.
एक्क्याण्णववर पोरं हमखास फसतात,
दिसायला मूळ, आणि आत तेरा साते.
एकोणनव्वद मात्र दिसते तशीच असते.
तपासल्याशिवाय सांगू नका, एवढंच मी म्हणते,
आणि कुठे थांबायचं तेही.

निळी पुढच्या टेंपोने विटाव्याला गेली.
तिथे दोन हॉल होते, बाबांनी दोन्हीकडे विचारलं.
दोघेही म्हणाले, आमची नाही.
ती परत आली.

अणावकरांनी भाडं दोनशे दहांचं दिलं.
वहीत त्या तारखेपुढे बाबांच्या वाकड्या अक्षरात
अजून आहे:
सोसायटी, बाकी एक.