घोंगडीतला बर्फ

मोखोत्लोंगच्या वरच्या शाळेत
त्लालाने सातवीला विचारते,
घोंगडी ऊब देते का?
आणि प्रश्नाचा शेवट हवेत असतानाच
स्वतःच सांगते, नाही,
ती उष्णता अडवते. लिहून घ्या.
एकतीस माना वहीत वाकतात.

मागच्या बाकावर मी. मांडीवर तक्ता, मुठीत स्टॉपवॉच.
प्रश्न आणि उत्तर यांच्यामधलं अंतर:
शून्य पूर्णांक आठ सेकंद.
एवढ्यात एक शिंकसुद्धा पुरी होत नाही.

संध्याकाळी तिच्या खोलीत, रॉकेलच्या शेगडीशी,
आम्ही दोघींनी चित्रफीत पाहिली.
तिसऱ्यांदा मागे नेऊन ती म्हणाली,
"मी कुणाच्या मागे धावतेय?"
मग बराच वेळाने,
"वर्ग गप्प झाला की वाटतं
मला काही येत नाही हे सगळ्यांना कळलं."

हे मी टिपून घेतलं नाही.
रोमाच्या विद्यापीठात जाण्याआधी
माझीही नऊ वर्षं खडूत गेली आहेत.

दिवा बारीक करताना तिने विचारलं, अगदी हळू,
"पण खरं सांग,
बर्फ घोंगडीत गुंडाळला तर लवकरच वितळेल ना?"

शेगडी फुरफुरली.
उत्तर माझ्या जिभेवर होतं.
आयुष्यभर ज्याला नावं ठेवली
ते भिजत घोंगडं
त्या रात्री मी मुद्दाम तसंच भिजत ठेवलं.

सकाळी जुलैचा बर्फ, छपरापर्यंत.
दोन इनॅमलच्या थाळ्या, दोन सारखे गोळे.
एक उघडा.
एक तिच्याच घोंगडीत,
तपकिरी, मक्याच्या कणसांची नक्षी असलेल्या.
दोन्ही शेगडीपासून सारख्या अंतरावर; पावलं मुलांनी मोजली.
गुंडाळलेला आधी वितळेल, कुणाला वाटतं?
एकतीस हात.
आणि बत्तिसावा, कोपरापर्यंतच उचललेला, तिचा.

तासाभराने उघड्या थाळीत पाणी.
घोंगडी सोडली तर आत
गोळा तसाच, कडेने जरासा झिजलेला.

"असं का?"
तिने विचारलं, आणि ओठ दातांखाली धरला.

दोन. तीन.
कुणाचा तरी बूट बाकाखाली घासला.
पाच.
सात. तिने माझ्याकडे पाहिलं,
नदीत उतरलेलं माणूस काठाकडे पाहतं तसं.
मी तक्त्यात डोकं घातलं.
नऊ.

अकराव्या सेकंदाला मोत्लात्सी बोलला.
सोळा वर्षांचा, चार वर्षं डोंगरावर मेंढरांमागे काढून
यंदा बारा वर्षांच्या पोरांत बसलेला,
गुडघे बाकाबाहेर.

"मागच्या हिवाळ्यात माझं एक कोकरू मेलं.
मला वाटलं, गारठलंय.
रात्रभर माझ्या घोंगडीत गुंडाळून ठेवलं,
मी गोणपाटावर बसलो.
उजाडलं तेव्हा दगड होतं.
घोंगडीकडे स्वतःचं काही नसतं, बाई.
आत जे असेल तेच ती राखते."

शाब्बास नाही. बरोबर नाही.
त्लालाने काहीच म्हणाली नाही,
आणि त्या काहीच नाहीमध्ये
पुढच्या बाकावरची लिनेओ
थाळीकडे बोट दाखवून म्हणाली,
"मग गारवासुद्धा?"

आणि वर्ग एकदम बोलायला लागला,
एकमेकांवर, सेसोथोत,
कुणी शेजारच्याशी भांडत,
कुणी खुशाल खोटं पाडत.

माझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत:
बरोबर, चूक, उत्तर नाही.
कोकरू कुठे लिहायचं?
मी समासात लिहिलं, आडवं, पेन्सिलीने.
घड्याळ थांबवायचं राहून गेलं.

तिने घोंगडी झटकली,
ओली बाजू बाहेर ठेवून खांद्यावर घेतली,
फळ्यावर पुढचा प्रश्न लिहिला
आणि खडू
खाली ठेवला.