फाइल अक्षरात आहे

ब्युनोस आयर्सचं दिवाणी कोर्ट साडेसातला उघडतं
आणि दीडला खिडक्या धाडकन मिटतात.
मी सातलाच आले होते. समोरच्या चौकात
रबराच्या झाडाखाली एक वकील
कुणाच्या तरी अर्जाच्या जादा प्रतीने बूट पुसत होता.

चौथ्या मजल्यावर खोल्यांचे आकडे
आधी सम जातात, मग विषम,
मग एकदम जिना.

"नाव?"
अनीबाल बारिओनुएवो. शिंपी.
"धंदा नको. वादी की प्रतिवादी?"
घरात तो दोन्ही असायचा,
पण हे खिडकीत सांगायचं नसतं.
"साल?"
एकोणसत्तर. मी तेव्हा पाळण्यात होते.

फाइल जागेवर असेल तर इथे म्हणतात, अक्षरात आहे.
म्हणजे आडनावाच्या पहिल्या अक्षराच्या फळीवर. मागा, बघा.
नसेल तर म्हणतात, साहेबांच्या टेबलावर आहे.
म्हणजे आहेही, नाहीही.
तिसरं उत्तर बोटाने देतात:
बोट खाली, तळघराकडे.

तीन दिवस मी ब मध्ये काढले.
बारेरा, बार्बोसा, बारिओस,
किती लोकांची किती भांडणं, भिंतीची, गटाराची,
एका पियानोची, जो जिन्यातून वर गेला
आणि खाली यायला तयार नव्हता.
वडील कुठेच नाहीत.

चौथ्या दिवशी गोदोय नावाच्या कारकुनाने
मातेचा घोट ओढत विचारलं,
"दावा लावला कुणी होता?"
घरमालकाने.
"मग बाई, मालकाच्या अक्षरात बघायचं.
लावणाऱ्याच्या नावाने फाइल जगते.
ज्याच्यावर लावली, तो आत असतो."

ओतेइझा विरुद्ध बारिओनुएवो,
गाळा खाली करून मिळणेबाबत.

अर्ज, अर्जावर तिकीट, तिकिटावर शिक्का,
आणि शिक्का वाळायला सहा आठवडे.

मग ती आली. पाठीवर पाण्याचा डाग,
आणि शिवलेली.
इथे फायली शिवतात, खरंच, दाभणाने, जाड पांढऱ्या दोऱ्याने.
टाके एक लांब, एक आखूड.
वडिलांनी पाहिली असती तर कोर्टाचा अवमान पत्करून
तिथेच उसवून पुन्हा घातली असती.

भाड्याच्या पावत्या. गाळ्याचा नकाशा,
त्यात आमची झोपायची खोली
"गाळ्यास लागून पोटमाळा".
एका अर्जाखाली त्यांची सही,
कापडावर खडूने ओढावी तशी तिरकी.

आणि पान एकेचाळीस.
बेलिफाचा अहवाल, निळी शाई, घाईचं अक्षर:
"तीन वेळा दार ठोठावले. कोणी उघडले नाही.
आतून लहान मूल रडल्याचा आवाज.
शेजारीण म्हणते, घरी कोणी नसते.
समन्स दारास चिकटवून परत आलो."

वडील शेवटपर्यंत सांगायचे,
आपल्याला कुणी कळवलंच नाही,
आणि आई मान खाली घालून
गुंडी लावत राहायची, लागलेली असली तरी.

म्हणजे त्या दुपारी दाराआड
कुणीतरी मला कडेवर घेऊन
श्वास धरून उभं होतं.
कोण, ते लिहिलेलं नाही.
कोर्ट ऐकलं तेवढंच लिहितं,
आणि त्या घरात ऐकू येण्यासारखी
मी एकटीच होते.

पन्नासेक वर्षं त्या पानावर
माझं रडणं कोरडं पडून होतं,
नाव नाही, वय नाही,
कुणाच्या बाजूने तेही नाही.

झेरॉक्सची खिडकी एकलाच बंद झाली होती.
गोदोय माझ्याकडे न बघता म्हणाला,
"उद्या या. आता पळायची नाही.
आता अक्षरात आहे."

मी अजून पान धरून होते.
त्याने हळूच ओढलं.
मी लगेच सोडलं नाही.